देवगावच्या अलीकडचं वळण

हे मी वहिनीला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला नाही, नवरा होता तोवर त्याला नाही. कंपनीत उभा जन्म शेजारच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीला नाही — आणि तिला तर मी सासूच्या गोष्टीसुद्धा मीठमसाला लावून सांगायची. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, की आता वय झालं म्हणून? माहीत नाही. सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही. गाडीपासून करते.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, मिलिंददादाची. साठच्या दशकातली, फुगीर छपराची, शेवाळी हिरवी. छावणीतल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात आमची आई स्वयंपाकाला जायची, तेव्हापासून ती आम्हाला ठाऊक होती. आई आत पोळ्या लाटायची आणि आम्ही दोघं शेडच्या पत्र्यातल्या भोकातून आळीपाळीनं गाडीकडं बघायचो. पुढं डॉक्टर म्हातारे झाले, गाडी विटांवर चढली, टायर सुकले. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती दादाला देऊन टाकली. दादा तोवर शाळेत विज्ञान शिकवत होता. ट्रकवरून गाडी दारात उतरली, त्या दिवशी तो शाळेत गेलाच नाही. नुसता तिच्या भोवती फिरत राहिला.

दादा कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा विहिरीत सोडला होता. आमच्याकडं नवस नव्हता, गंडा नव्हता, अमावास्या नव्हती. दादा तर त्याच्याही पुढचा. सुट्टीच्या दिवशी वाड्यावस्त्यांवर जायचा, अंगात येणाऱ्या बायांसमोर बसायचा, नारळातून निघणारी करणी स्वतः काढून दाखवायचा. पोरांना एकच गोष्ट शिकवायचा — कारणाशिवाय काही होत नाही. कारण सापडलं नाही तर ते अजून सापडलेलं नाही, एवढंच म्हणा.

आणि मी? मी वाळूजला एका कंपनीत माप घेणारी. मशीनवरून उतरलेला भाग माझ्या टेबलावर यायचा, मी मोजायची, पास की नापास सांगायची. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक असला तरी माल परत. पुरुष चिडायचे, मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू — मला त्याचा गर्व होता.

इंजिन आम्ही दोघांनी उघडलं. नव्या बेअरिंगांचं माप मी घेतलं. फिरणारा दांडा आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी बारीकशी जागा सोडावी लागते. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, ते ठरलेलं असतं. मी कमीत कमीच्याही खाली गेले. मला फट बघवत नाही. सैल काही हाताला लागलं की माझे दात शिवशिवतात — अजूनही. पहिल्याच फेरीत नगर नाक्याशी इंजिन तापलं आणि जागच्या जागी आवळून बसलं. दादा रस्त्यावर उभा राहून पोट धरून हसला.

"वंदे, आठवीची पोरं सांगतील तुला. तापलेला गोळा कडीतून जात नाही! लोखंडाला फुगायला जागा नको का?"

हसला तो मायेनंच. पण घरी आल्यावर वहिनीपुढं हसला, पाहुण्यांपुढं हसला, माझ्या नवऱ्यापुढं हसला. वंदनाताईंनी इंजिनाचा गळा दाबला, असं म्हणायचा. मीही हसायची. माणूस हसताना आत काय करतो ते कुणाला दिसतं? इंजिन पुन्हा उघडलं, योग्य जागा सोडून बसवलं, ते लोण्यासारखं चालायला लागलं. मी मात्र ठरवलं होतं की स्टेअरिंगचं काम माझं, आणि त्यात कुणाला हसायला मिळणार नाही.

स्टेअरिंग फारच सैल होतं. चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. त्या जुन्या गाड्यांत स्टेअरिंगपासून चाकाकडं एक लांब दांडा जातो. दांड्याच्या टोकाला वाटी असते, वाटीत एक लोखंडी गोळा बसतो, आणि वर पेचाचं झाकण. झाकण गच्च आवळायचं, मग किंचित सैल सोडायचं — झाकणाची खाच दांड्यातल्या भोकासमोर येईपर्यंत — आणि त्या भोकातून पिन घालून तिचे पाय फाकवायचे. पिन असली की झाकण फिरत नाही. नसली की रस्त्याच्या हादऱ्यानं केसा-केसानं सुटत जातं.

जुनं झाकण झिजलं होतं. मी नवं करून आणलं. गाडीखाली उताणी पडून आवळलं. गच्च. स्टेअरिंगमधला प्ले, म्हणजे तो सैलपणा, पार गेला. मग नेमानं सैल सोडलं, खाच भोकासमोर आली, आणि अर्ध्या बोटाचा प्ले परत आला. पुन्हा आवळलं. पुन्हा सोडलं. अर्धं बोट. त्या काळच्या गाडीला अर्धं बोट म्हणजे काहीच नाही, मला ठाऊक होतं. तरी मी ते गच्च आवळलं आणि तसंच ठेवलं. भोक झाकणाआड गेलं. पिन माझ्या मुठीत राहिली.

दादा बाहेर बॅटरीचा उजेड धरून बसला होता. त्यानं विचारलं, "पिन घातली ना?"

मी म्हणाले, "घातली."

एवढंच. दुसऱ्या दिवशी नवं झाकण थोडं घासून खाच जुळवीन, असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीत माझी पाळी बदलली, मग मुलीला ताप आला, मग — मग मी विसरले. विसरले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. पण पिन मी गाडीच्या हत्यारांच्या पेटीतच टाकली होती, जुन्या झाकणाबरोबर. विसरायची वस्तू माणूस अशी नीट ठेवतो का?

जयंतीच्या मिरवणुकीत ती गाडी सगळ्यांत पुढं होती, निळ्या झेंड्यांनी सजवलेली. दादा चालवत होता. लहान मुलं टपावर बसली होती. त्या मिरवणुकीचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

मे महिन्यात वहिनीच्या माहेरी, देवगाव रंगारीला, लग्न होतं. दादा आणि वहिनी पुढं, मी मागं. बाकीची मंडळी आदल्या दिवशीच गेली होती. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चकाकत होतं, दोन्हीकडं नांगरून टाकलेली काळी रानं. गावाच्या अलीकडं एक कोरडा ओढा आहे, त्याच्या पुलाआधी डावीकडं वळण. आम्ही काहीतरी बोलत होतो. दादा एकाएकी गप्प झाला. त्यानं स्टेअरिंग डावीकडं घेतलं. गाडी सरळ गेली.

त्यानं आणखी फिरवलं. ते फिरत होतं — भिंगरीसारखं, सहज. मी त्याच्या हातांकडं बघत होते. रस्त्याकडं नाही. हे लक्षात ठेवा, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मी फक्त ते दोन हात बघत होते आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. ओरडले नाही. गाडी रस्ता सोडून खाली ओढ्यात उतरली आणि दरडीवर आदळली.

मला खरचटलंसुद्धा नाही. दादाचं कपाळ फुटलं. वहिनीचं खुब्याचं हाड मोडलं. त्या आजही डावा पाय ओढत चालतात. रानातून दोन-चार माणसं धावत आली. त्यातला एक म्हातारा दादाला पाणी पाजता पाजता म्हणाला, "हितं व्हतंच असं, गुरुजी. बाई हाय हितं."

दादा रक्तानं माखलेल्या तोंडानं हसला. "बाई-बिई काही नसतं, बाबा. स्टेअरिंग सुटलंय. वंदे, जॉइंट बघायला लागंल."

एक जीप मिळाली. दोघांना त्यात घालून शहराकडं नेलं. माणसं सोबत गेली. क्रेन येईपर्यंत गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. मी थांबते म्हणाले. सगळ्यांना वाटलं, केवढी धीराची बाई.

मी गाडीखाली शिरले. गोळा वाटीतून निघून लोंबत होता. झाकण नव्हतं, रस्त्यात कुठंतरी पडलं असणार. मी हत्यारांची पेटी उघडली. जुनं झाकण घेतलं. पिन घेतली. चाक हातानं ढकलून गोळा वाटीत बसवला, झाकण आवळलं, किंचित सैल सोडलं, खाच जुळवली, पिन घातली, पाय फाकवले. ज्या दिवशी करायचं होतं तसंच, अगदी नेमानं. वर माती चोळली. माझे हात त्या दिवशी चांगले चालले.

तेव्हाच मला वाटलं की कुणीतरी आहे. तशीच पडल्या पडल्या मी मान वळवली. गाडीखालच्या फटीतून वर रस्त्याची कड दिसत होती. तिथं पाय होते. बाईचे, भेगाळलेले, वर हिरव्या लुगड्याचा काठ. मे महिन्यातल्या डांबरावर अनवाणी — आणि ते पाय हलत नव्हते. तिथं आपण पाऊल टेकवलं तर नाचायला लागू. ते पाय नुसते उभे होते.

"कोण हाय?" मी विचारलं.

मी सरपटत बाहेर आले, दरड चढून वर गेले. रस्ता मोकळा. दोन्हीकडं उघडी रानं, लपायला झाड नाही की बांध नाही. पलीकडं कुणी चालत जाताना दिसायला हवं होतं. दिसलं नाही. शेतात काम करणारी कुणी बाई असेल, ओढ्याच्या पात्रानं निघून गेली असेल — मी तेव्हाही हेच म्हटलं, आताही हेच म्हणते. पण ती कोणीही असो, तिनं मला पाहिलं. माणूस असली तरी पाहिलं. नसली तरी पाहिलं.

गाडी शहरात आणली. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी खालून पाहिली. "गुर्जी, स्टेरिंग तो बराबर है. पिन भी अपनी जगा पे है." दादाचा विश्वास बसेना. डोक्याला पट्टी, तरी तो स्वतः गाडीखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "माफ कर मला, वंदे. मला वाटलं होतं तुझंच काहीतरी राहिलं."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. मी त्याच्या शर्टावरची माती झटकली.

दवाखान्यात वहिनीचा भाऊ सगळ्यांना सांगत होता की भावोजींना झापड आली असणार. दादा म्हणायचा, मी जागा होतो. आणि मग एकदा, वहिनीला झोप लागलेली असताना, त्यानं मला हळूच सांगितलं — "वळणावर एक बाई उभी होती. हिरवं लुगडं. तिच्याकडं बघितलं आणि हातातलं स्टेअरिंग हलकं झालं. जसं कुणी खालून धरलं. तू पाहिलीस?"

मी म्हणाले, "नाही. मी रस्त्याकडं बघत नव्हते."

ते खरं होतं. पण अशी बाई त्या रानात आहे, मीही तिला पाहिलं, हाडामांसाची असणार — हे मी म्हणू शकले असते. तेवढंही त्याला पुरलं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, तू कुठून पाहिलीस? गाडीखालून? गाडीखाली काय करत होतीस?

त्यानंतर दादाला जे झालं ते एका दिवसात झालं नाही. तो आधी टेप घेऊन त्या वळणावर गेला. रस्त्याचा उतार मोजला, वळणाची गोलाई मोजली. टायर तपासले, ब्रेक तपासले. एकेक कारण घेतलं आणि एकेक खोडलं, जसं तो पोरांना शिकवायचा तसं. झोप नव्हती. दारू आयुष्यात नाही. स्टेअरिंग धड, पिन धड. कारणाशिवाय काही होत नाही — मग उरलं काय? लोक म्हणतात गुरुजींना डोक्याला मार लागला, त्यातून बिघडले. तसं नाही हो. दादाचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. एकच खोटा पुरावा त्याच्यापुढं ठेवलेला होता आणि तो मी ठेवला होता. त्यावरून तो जिथं पोचायचा तिथं पोचला.

रविवारी दुपारी तो तिथं जाऊन बसायला लागला. पुढं अमावास्येला. एकदा घरी आला तेव्हा बोटांना हळद होती. पिशवीतून दहीभात न्यायचा. ओढ्याकाठचा एक दगड त्यानं उभा केला. मग कुणी त्याला शेंदूर लावला, कुणी हिरवी चोळी ठेवली, ट्रकवाले हॉर्न वाजवून नारळ टाकू लागले. शाळेत पोरं मागून कुजबुजायची. त्यानं विहारात जाणं सोडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कोणत्या तोंडानं जाऊ?" गाडी दुरुस्त झाली, पण तिच्यात पुन्हा कुणी बसलं नाही. ती अंगणात उभी राहून परत विटांवर गेली.

त्याला तिथं घेऊन मी जायची. माझ्या छोट्या गाडीतून, बऱ्याचदा. त्या वळणाशी आले की मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायची. माझ्या गाडीचं स्टेअरिंग नवं, घट्ट, त्यात काही सुटण्यासारखं नाही. तरी तिथं ते हलकं लागायचं. मनाचा खेळ. आणखी काय असणार?

एका अमावास्येला, तो दगडापुढं भात ठेवत असताना, मी सांगितलं. सगळं. झाकण, पिन, घातली म्हणाले ते, मग गाडीखाली शिरून काय केलं ते. हिरवं लुगडंही सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. ऊन मी म्हणत होतं. मी थांबले तेव्हा त्यानं भाताचे हात पंचाला पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला पण धरलं का तिनं," तो म्हणाला. किती हळुवार म्हणाला! "असं होतं, वंदे. इथं जास्त बसलं की ती माणसाला दोष घ्यायला लावते. मला नव्हतं का वाटत, आपल्यालाच झोप लागली म्हणून? पिन मी डोळ्यांनी पाहिली. हातानं हलवून पाहिली. तू घातली होतीस, बाई. तू घातली होतीस."

त्यानं दगडावरची हळद बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावली. आमच्या घरात, आजोबांपासून, हे कुणी कधी केलं नव्हतं. मी ती पुसली नाही. त्याला समजावलं नाही, हातापाया पडले नाही, जुनं झाकण काढून दाखवते म्हणाले नाही. ते तर करता आलं असतं — गाडी अंगणातच होती. झिजलेलं झाकण त्यानं ओळखलं असतं. घरी येईपर्यंत मी त्याचा विचार करत होते, आणि घरी आल्यावर चहा ठेवला.

दादा गेल्या पावसाळ्यात गेला. झोपेत, त्रास न होता. त्यानंतरच्या अमावास्येला वहिनी पाय ओढत माझ्या दारात आल्या, हातात डबा. "वंदनाताई, ह्यांनी कधी चुकवलं नाही. मला गाडीत बसवत नाही, तुम्ही जाऊन या."

मी गेले. बाराच्या सुमाराला पोचले. आता तिथं दगडावर पत्र्याचं छप्पर आहे, घंटी आहे. मी डबा उघडत होते तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला असावं असं जोडपं, देवगावकडं निघालेलं, त्यातल्या पोरीच्या कडेवर तान्हं लेकरू. नवीन असावेत. पोरीनं विचारलं, "मावशी, कशाचं ठाणं हाय हे?"

कुणी नव्हतं तिथं. दादा नव्हता, वहिनी नव्हत्या. मी काहीही सांगू शकत होते. काही न सांगता डबा ठेवून निघू शकत होते.

"बाईचं हाय," मी म्हणाले. "जागृत हाय. हात सैल पडला की माणसाला धरती ती."

नवऱ्यानं चपला काढल्या. पोर खाली बसली आणि तिनं लेकराचं कपाळ त्या दगडाला टेकवलं.